जॅझ श्रवणासाठी हेडफोन

जॅझ संगीताचे ध्वनिमुद्रण त्याच्या मूळ स्वरूपात, शक्य तितका कमी बदल होऊन, श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचविणारा हेडफोन जॅझ श्रवणासाठी योग्य मानला जातो. 'जॅझचा हेडफोन' असा स्वतंत्र तांत्रिक प्रकार अस्तित्वात नाही. तथापि जॅझमधील वाद्ये प्रामुख्याने ध्वनिक, म्हणजे विजेच्या साहाय्यावाचून वाजणारी असतात. वादकांचा परस्परसंवाद हा या संगीताचा गाभा असतो आणि त्याची ध्वनिमुद्रणे शंभरहून अधिक वर्षांच्या कालखंडात, अतिशय भिन्न तंत्रांनी झालेली आहेत. या तीन कारणांमुळे हेडफोनमधील काही गुणांना जॅझच्या बाबतीत विशेष महत्त्व येते. मध्य कंप्रतापट्ट्यातील नैसर्गिकपणा, खालच्या स्वरांची स्पष्टता, स्वराच्या आरंभीचा आघात अचूकपणे उमटविण्याची क्षमता, वाद्यांच्या स्थानांची मांडणी आणि दीर्घकाळ ऐकण्यातील सुखदपणा हे त्यांपैकी प्रमुख होत.

इतिहास

व्यवहारोपयोगी हेडफोन अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास तयार केला व तो अमेरिकी नौदलाने वापरला. त्याचा उपयोग संदेशवहनासाठी होता. जर्मनीतील बायरडायनॅमिक या कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा गतिज ड्रायव्हर असलेला हेडफोन आणला.

संगीत ऐकण्याचे घरगुती साधन म्हणून हेडफोनचा प्रसार झाला तो १९५८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन सादर केला. कॉस हे स्वतः जॅझवादक होते. याच सुमारास स्टिरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात स्थिरावू लागल्या होत्या. जपानमधील स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये एसआर-१ हा स्थिरविद्युत हेडफोन विक्रीस आणला. जर्मनीतील झेनहायझर कंपनीचा एचडी ४१४ (१९६८) हा खुल्या रचनेचा पहिला हेडफोन मानला जातो. सोनी कंपनीच्या वॉकमनमुळे १९७९ पासून हेडफोन घराबाहेरही सर्रास वापरला जाऊ लागला.

जॅझचे ध्वनिस्वरूप

निरोगी तरुण माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. जॅझमधील वाद्यांचे मूळ स्वर या पट्ट्याच्या खालच्या भागात एकवटलेले असतात. काही प्रमुख वाद्यांच्या नेहमीच्या स्वरपट्ट्यातील सर्वांत खालच्या स्वराची कंप्रता पुढीलप्रमाणे आहे :

पियानो : सुमारे २७.५ हर्ट्झ
डबल बेस : सुमारे ४१ हर्ट्झ
गिटार : सुमारे ८२ हर्ट्झ
टेनर सॅक्सोफोन : सुमारे १०४ हर्ट्झ
आल्टो सॅक्सोफोन : सुमारे १३९ हर्ट्झ
ट्रम्पेट : सुमारे १६५ हर्ट्झ

पियानोचा सर्वांत वरचा स्वरही सुमारे ४,१८६ हर्ट्झचाच असतो. असे असले तरी कोणत्याही वाद्याची ओळख केवळ मूळ स्वरावरून पटत नाही. मूळ स्वरासोबत त्याच्या पटीतील कंप्रतांचे उपस्वर उमटतात आणि त्यांच्या परस्परप्रमाणावरून वाद्याच्या नादाची जाती ठरते. एकाच स्वरावरील ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन कानाला वेगळे वाटतात ते यामुळेच. ड्रमसंचातील सिंबल या धातूच्या तबकड्यांचा ध्वनी बराचसा ३,००० हर्ट्झच्या वर असतो व तो १०,००० हर्ट्झच्याही पुढे पसरतो.

पारंपरिक जॅझ समूहात डबल बेस आणि राइड सिंबल ही दोन वाद्ये मिळून लय धरतात. बेसवादक तारा बोटांनी छेडत एकेका मात्रेवर पुढे सरकतो, तर ड्रमवादक सिंबलवर त्या लयीचा आकृतिबंध राखतो. म्हणजेच या संगीताची लय श्राव्य पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडे, तर सुरावट मधल्या भागात असते. यांपैकी एक भाग फुगला किंवा दबला, तर वाद्यांचा तोल बिघडतो व स्विंग म्हणून ओळखले जाणारे लयीचे हिंदकळणे क्षीण होते.

कंप्रता प्रतिसाद

वेगवेगळ्या कंप्रतांचे ध्वनी हेडफोन किती मोठ्याने वा लहान आवाजात उमटवितो, याच्या आलेखास कंप्रता प्रतिसाद म्हणतात. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत हा आलेख सपाट असणे इष्ट असते. हेडफोनच्या बाबतीत मात्र तसे नसते. समोरून येणारा ध्वनी डोके, कानाची पाळी आणि कर्णनलिका यांमुळे बदलतो आणि सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास त्याची तीव्रता बरीच वाढते. हेडफोन हा मार्ग बहुतांशी टाळतो, म्हणून ती वाढ त्याच्या प्रतिसादातच असावी लागते. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१० च्या दशकात श्रोत्यांच्या पसंतीचा अभ्यास करून एक लक्ष्य-आलेख मांडला. त्यात ३,००० हर्ट्झच्या आसपासची ही वाढ व खालच्या स्वरांतील मर्यादित वाढ अंतर्भूत आहे.

जॅझ श्रवणाच्या दृष्टीने प्रतिसादातील पुढील दोष विशेष जाणवतात :

खालचे स्वर अतिशय वाढविलेले असणे : डबल बेसचे स्वर एकमेकांत मिसळतात, गुंजन वाढते आणि वादक कोणता स्वर वाजवीत आहे ते कळेनासे होते. नृत्यसंगीतात सुखद वाटणारी ही वाढ येथे अडथळा ठरते.

मध्य पट्टा दबलेला असणे : सॅक्सोफोन, पियानोचा मधला भाग व गायकाचा आवाज दूर गेल्यासारखा वाटतो. दोन्ही टोके वाढवून मध्य भाग खाली ठेवलेल्या हेडफोनमध्ये हा दोष आढळतो.

वरच्या मध्य भागात तीक्ष्ण उंचवटा असणे : ट्रम्पेटचे व आल्टो सॅक्सोफोनचे उंच स्वर टोचू लागतात.

सुमारे ६,००० ते १०,००० हर्ट्झमध्ये उंचवटा असणे : सिंबलचा ध्वनी धातूचा न वाटता नुसत्या 'स्स' अशा घर्षणासारखा भासतो व स्नेअर ड्रमवर ब्रशने काढलेला नाद खरखरीत होतो.

कीथ जॅरेट यांचा 'द क्योल्न कॉन्सर्ट' हा एकल पियानोवादनाचा संग्रह या संदर्भात बोधप्रद आहे. २४ जानेवारी १९७५ रोजी जर्मनीतील क्योल्न येथील ऑपेरागृहात झालेल्या या कार्यक्रमासाठी मिळालेला पियानो लहान आकाराचा व सदोष होता. त्याचे खालचे स्वर क्षीण आणि वरचे स्वर पातळ होते. त्यामुळे जॅरेट यांनी वादन मुख्यतः मधल्या सप्तकांत ठेवले व डाव्या हाताने आवर्ती लयबंध वाजविले. हेडफोनने खालचे स्वर भरदार करून दाखविले, तर तो पियानो मुळात कसा होता आणि वादनाला तसे वळण का मिळाले, हे श्रोत्याला उमगत नाही. चांगला हेडफोन ध्वनिमुद्रणातील उणीव झाकत नाही.

आघात आणि ड्रायव्हरचे प्रकार

छेडलेली तार, पियानोच्या तारेवर पडणारी हातोडी किंवा सिंबलवर पडणारी काडी यांचा नाद अतिशय अल्प काळात निर्माण होतो आणि नंतर हळूहळू विरतो. हा आरंभीचा आघात व त्यानंतरचा क्षय जसाच्या तसा उमटण्यासाठी हेडफोनचे कंपनपटल हलके व नियंत्रित असावे लागते. संदेश थांबल्यावरही पटल काही काळ थरथरत राहिल्यास ध्वनीला एक प्रकारचा धूसरपणा येतो. ध्वनी उत्पन्न करणाऱ्या घटकास ड्रायव्हर म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार तीन आहेत.

गतिज ड्रायव्हर : यात पटलाला तारेचे वेटोळे जोडलेले असते व ते चुंबकीय क्षेत्रात हलते. हा सर्वांत प्रचलित व तुलनेने स्वस्त प्रकार आहे.

समतल चुंबकीय ड्रायव्हर : यात वाहक मार्ग पटलावरच पसरलेला असतो, त्यामुळे पटल सर्व पृष्ठभागावर सारख्या बलाने हलते. यामाहा कंपनीने १९७६ मध्ये आणलेला एचपी-१ याच तत्त्वावर चालत असे. या प्रकारात खालच्या स्वरांतील विरूपण सामान्यतः कमी असते, मात्र वजन अधिक असते.

स्थिरविद्युत ड्रायव्हर : यात विद्युतभारित, अतिशय पातळ पटल दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये ताणलेले असते. आघात व क्षय यांचे तपशील दाखविण्यात हा प्रकार उत्कृष्ट मानला जातो. परंतु त्यास उच्च विद्युतदाब पुरविणारा खास ॲम्प्लिफायर लागतो व तो महाग असतो.

केवळ ड्रायव्हरच्या प्रकारावरून हेडफोनची गुणवत्ता ठरत नाही. उत्तम जुळणी केलेला गतिज हेडफोन सदोष जुळणीच्या समतल चुंबकीय हेडफोनपेक्षा सरस ठरू शकतो.

खुली आणि बंद रचना

खुल्या रचनेत ड्रायव्हरच्या मागील बाजूस जाळी असते आणि हवा व ध्वनी बाहेर जाऊ शकतात. कपाच्या आतील परावर्तने त्यामुळे कमी होतात व वाद्ये डोक्याच्या आत कोंडल्यासारखी न वाटता थोडी मोकळी, बाहेरच्या बाजूस पसरलेली भासतात. ध्वनिक वाद्यांच्या लहान समूहासाठी शांत खोलीत खुली रचना बहुधा पसंत केली जाते. झेनहायझरचा एचडी ६०० (१९९७) आणि अमेरिकेतील ब्रुकलिन येथील ग्रॅडो कंपनीची एसआर मालिका ही या रचनेची परिचित उदाहरणे होत. पहिल्याचे वर्णन मध्य पट्ट्यात नैसर्गिक व संयत, तर दुसऱ्याचे वरच्या मध्य भागात उठावदार व चैतन्यपूर्ण असे केले जाते.

बंद रचनेत मागील बाजू झाकलेली असते. बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि संगीत शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ग्रंथालय, कार्यालय किंवा लोकलचा प्रवास अशा ठिकाणी हीच रचना व्यवहार्य ठरते, कारण गोंगाटात सर्वप्रथम हरवतो तो बेसचा स्वर आणि ब्रशचा हलका नाद. बंद कपात परावर्तनांमुळे पुरुष गायकाच्या आवाजाला व टेनर सॅक्सोफोनला पोकळपणा येण्याचा संभव असतो. गादी डोक्याला घट्ट न टेकल्यास, उदाहरणार्थ चष्म्याच्या काडीमुळे फट राहिल्यास, खालचे स्वर लक्षणीयरीत्या कमी होतात.

कर्णनलिकेत बसणारे इअरफोन उत्तम प्रकारे गोंगाट अडवितात. त्यांची कामगिरी टोकाची रबरी टोपी कानात किती नीट बसते यावर अवलंबून असते.

ध्वनिमुद्रणाचा काळ आणि हेडफोन

पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका म्हणून सामान्यतः ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडच्या १९१७ मधील ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख केला जातो. त्या काळी ध्वनी मोठ्या कर्ण्यातून थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जात असे. १९२५ पासून सूक्ष्मध्वनिग्राहकाचा वापर सुरू झाला. तरीही वरच्या कंप्रता मर्यादितच राहिल्या. लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२० च्या दशकातील ध्वनिमुद्रणांत वाद्यांचे मूळ स्वर आहेत, परंतु वरच्या भागात बहुतांशी तबकडीची खरखर आहे. तार भाग उठावदार असलेला हेडफोन येथे संगीत न वाढविता खरखर वाढवितो. अशा ध्वनिमुद्रणांसाठी मध्य पट्टा समृद्ध व तार भाग सौम्य असलेला हेडफोन अधिक योग्य ठरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत व दीर्घवादन ध्वनिमुद्रिका (१९४८) आल्यावर ध्वनीची गुणवत्ता झपाट्याने सुधारली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनची अनेक जॅझ ध्वनिमुद्रणे आजही नमुनेदार मानली जातात.

आरंभीचे स्टिरिओ

हेडफोनवर जॅझ ऐकताना सर्वांत जास्त अडचण १९५० च्या दशकाच्या अखेरच्या व १९६० च्या दशकातील स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत येते. ध्वनिमुद्रण अभियंता रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथील आपल्या आईवडिलांच्या घरी व १९५९ पासून एंगलवुड क्लिफ्स येथील स्टुडिओत ब्लू नोट आदी कंपन्यांसाठी केलेल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत सुषिर वाद्ये पूर्णपणे एका बाजूस व ड्रम दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी वारंवार आढळते. त्या काळी बहुसंख्य श्रोत्यांकडे मोनो यंत्रे होती आणि स्टिरिओ ऐकणारे खोलीतील दोन ध्वनिक्षेपकांवर ऐकत असत.

दोन ध्वनिक्षेपकांवर ऐकताना डाव्या क्षेपकाचा ध्वनी उजव्या कानापर्यंतही पोहोचतो. फक्त तो किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे वरच्या कंप्रता कमी होऊन येतो. हा विलंब सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू त्यावरूनच दिशा ओळखतो. हेडफोनवर मात्र डाव्या चॅनेलचा ध्वनी उजव्या कानाला मुळीच मिळत नाही. परिणामी सॅक्सोफोन जणू एकाच कानात वाजतो, दुसऱ्या कानात केवळ ड्रम असतात आणि समूह एकत्र वाजवीत असल्याची जाणीव कमी होते. काही श्रोत्यांना यामुळे थकवाही येतो.

माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' हा संग्रह याच काळातला असला, तरी त्याची मांडणी सुसह्य आहे. तो २ मार्च व २२ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत तीन मार्गांच्या फितीवर मुद्रित झाला. त्यात डेव्हिस यांचा ट्रम्पेट मध्यभागी, जॉन कोल्ट्रेन यांचा टेनर सॅक्सोफोन डावीकडे आणि कॅननबॉल ॲडर्ली यांचा आल्टो सॅक्सोफोन उजवीकडे ऐकू येतो. स्टुडिओतील नैसर्गिक निनादामुळे ही वाद्ये एकाच जागेत असल्याचा प्रत्यय हेडफोनवरही येतो.

या अडचणीवर तीन उपाय प्रचलित आहेत.

क्रॉसफीड : एका चॅनेलचा थोडा ध्वनी, विलंब देऊन व वरच्या कंप्रता कमी करून, दुसऱ्या चॅनेलमध्ये मिसळणे. ही कल्पना बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये मांडली. आज ही सोय काही ॲम्प्लिफायरांत व संगणकीय वादकप्रणालींत मिळते.

मोनो आवृत्ती : त्या काळातील अनेक संग्रह मोनो व स्टिरिओ अशा दोन्ही स्वरूपांत निघाले. मोनो आवृत्तीत सर्व वाद्ये मध्यभागी एकवटतात, मांडणीचा विस्तार जातो, पण समूहाची एकसंधता टिकते.

मोनो श्राव्य पर्याय : बहुतेक स्मार्टफोनमध्ये सुलभतेच्या मांडणीत दोन्ही चॅनेल एकत्र करण्याचा पर्याय असतो व त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

हेडफोन बदलल्याने हा दोष नाहीसा होत नाही. मोकळी मांडणी असलेला महाग हेडफोनसुद्धा पूर्णपणे एका बाजूस मुद्रित झालेले वाद्य मध्यभागी आणू शकत नाही.

प्रत्यक्ष मैफलींची ध्वनिमुद्रणे

जॅझमधील अनेक महत्त्वाची ध्वनिमुद्रणे श्रोत्यांसमोर झालेली आहेत. पियानोवादक बिल एव्हान्स, बेसवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांचे २५ जून १९६१ रोजीचे वादन न्यूयॉर्कमधील व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातील क्लबात मुद्रित झाले. काही दिवसांतच, ६ जुलै रोजी, लाफारो यांचा अपघाती मृत्यू झाला. या त्रयीत बेस केवळ साथ करीत नाही, तर पियानोशी बरोबरीने संवाद करतो. त्यामुळे बेसच्या वरच्या स्वरांतील बोटांचे काम ऐकू येणे आवश्यक असते. पेल्यांची किणकिण व श्रोत्यांची कुजबुजही ध्वनिमुद्रणात आहे. तपशील दाखविणाऱ्या हेडफोनवर हे आवाज संगीतापासून अलग व काहीसे दूर राहतात. सदोष हेडफोनवर ते सिंबलच्या नादात मिसळतात.

ॲम्प्लिफायर आणि इंपीडन्स

विद्युतप्रवाहास हेडफोनकडून होणाऱ्या एकूण विरोधास इंपीडन्स म्हणतात व तो ओहममध्ये मोजतात. ग्रॅडो एसआर ६० या हेडफोनचा इंपीडन्स ३२ ओहम, तर एचडी ६०० चा ३०० ओहम आहे. अधिक इंपीडन्सच्या हेडफोनला साधारणतः अधिक विद्युतदाब लागतो, म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज लहान वाटू शकतो.

अनेक गतिज हेडफोनचा इंपीडन्स सर्व कंप्रतांना सारखा नसतो. एचडी ६०० चा इंपीडन्स सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास बराच वाढतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम इंपीडन्स जास्त असल्यास त्या भागातील ध्वनी वाढतो आणि डबल बेस मुळापेक्षा जाड वाटतो. म्हणून ॲम्प्लिफायरचा निर्गम इंपीडन्स हेडफोनच्या इंपीडन्सच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा ढोबळ नियम पाळला जातो.

ध्वनिपातळी आणि श्रवणसुरक्षा

जॅझमध्ये ब्रशने वाजविलेल्या संथ रचनेपासून मोठ्या वाद्यवृंदातील पितळी वाद्यांच्या एकत्रित आवाजापर्यंत तीव्रतेचा विस्तार मोठा असतो. लहान आवाजात मानवी कान खालच्या कंप्रतांना कमी संवेदनशील असतो, हे हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले. त्यामुळे बेस ऐकू यावा म्हणून श्रोता आवाज वाढवितो आणि नंतर येणारा ट्रम्पेट वा ड्रमचा एकल भाग अपेक्षेपेक्षा बराच मोठा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत श्रवण सुरक्षित मानले जाते. पातळी दर ३ डेसिबेलने वाढल्यास हा कालावधी निम्मा होतो. त्या हिशेबाने ९० डेसिबेलवर तो सुमारे ४ तासांवर येतो. अतितीव्र ध्वनीने कानातील संवेदनशील पेशींची झालेली हानी भरून येत नाही आणि ती बहुधा वरच्या कंप्रतांपासून सुरू होते. गोंगाटात आवाज वाढविण्याऐवजी बंद रचनेचा हेडफोन वापरणे अधिक सुरक्षित असते.

निवड

हेडफोनची परीक्षा परिचित ध्वनिमुद्रणांवर व नेहमीच्या आवाजात करावी. दोन हेडफोनची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवणे आवश्यक असते, कारण किंचित मोठ्याने वाजणारा हेडफोन सरस असल्याचा भास होतो. परीक्षेत सामान्यतः पुढील प्रश्न उपयोगी पडतात : बेसच्या प्रत्येक स्वराची उच्चनीचता ओळखता येते काय, टेनर व आल्टो सॅक्सोफोनच्या नादांची जाती वेगळी कळते काय, सिंबलचा नाद धातूसारखा उमटून सावकाश विरतो काय, सर्व वाद्ये एकत्र वाजत असताना पियानोची साथ ऐकू येते काय, आणि तासाभराच्या श्रवणानंतर कान किंवा डोके दुखते काय. ठरावीक मर्यादेनंतर किंमत आणि गुणवत्ता यांचे प्रमाण व्यस्त होत जाते. ध्वनिमुद्रणाची चांगली आवृत्ती मिळविणे अनेकदा महाग हेडफोनपेक्षा अधिक फलदायी ठरते.

भारतीय संदर्भ

मुंबईत १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वादन होत असे. पुढे गोव्यातील वादकांनी ही परंपरा चालविली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकी एक होत. त्या पिढीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रण मोनो व मर्यादित कंप्रतापट्ट्याचे असल्याने त्यांनाही वर सांगितलेला सौम्य तार भागाचा निकष लागू पडतो. कोकण, गोवा व मुंबईच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या कानगाद्या लवकर सोलपटतात, म्हणून कापडी वा बदलता येण्याजोग्या गाद्या सोयीच्या ठरतात.

हेही पाहा

जॅझ
डबल बेस
सॅक्सोफोन
स्टिरिओ ध्वनी
ध्वनिमुद्रण
डेसिबेल